अवस्था : बरी

ओल्याँवच्या बंदरामागे, बंद पडलेल्या बर्फ-कारखान्यात
दर मंगळवारी संध्याकाळी
आईबाप आणि मुलं एकाच बाकावर बसून वाचायला शिकतात.
मी सार्डिनच्या खोक्यातून सतरा पुस्तकं नेली.
खोक्याला वास होता अजून. माझ्या हातांनाही असेल,
एकतीस वर्षं डबे भरलेत.

फिर्मिना चष्मा सावरत नोंद करते.
नाव? ग्रासिएत.
वयोगट? तीन ते सहा.
पुस्तकांची अवस्था? चांगली, बरी, वाईट,
एकावर खूण करा.
मी पेन्सिल धरून नुसती बसून राहिले.

सगळ्यात वर होतं मिठाच्या गाढवाचं पुस्तक.
बाबा समुद्रावरून शनिवारी परतत
आणि आंघोळीच्याही आधी ते मला वाचून दाखवत.
गाढव होडीत चढे, कप्तानाची टोपी घाली,
देवमाशाला वाट विचारी.
पुढच्या शनिवारी तेच गाढव
मोरोक्कोला जाऊन लग्न करून येई.
"मागच्या वेळी असं नव्हतं!" मी पाय आपटायची.
"अक्षरं झोपेत कूस बदलतात," बाबा म्हणत,
आणि त्यांचं भेगाळलेलं बोट
ओळीखालून सरकत राही, गंभीरपणे.

मग मी शाळेत जाऊ लागले.
एका शनिवारी मीच बोट ठेवून म्हटलं, मी-ठ.
बाबा बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले,
ओळख करून दिलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसे.
"आता तुझं तू वाच," म्हणाले,
आणि जाळं ओढून घेतलं मांडीवर.
पुस्तकं गेली आत्याच्या माळ्यावर.
मी कधी मागितली नाहीत.
शाळेत दुसरी होती, नवी, वासाशिवायची.

आज, खूण करायच्या आधी, मी ते गाढव वाचलं.
पहिल्यांदाच.
गाढव मीठ घेऊन बाजाराला जातं.
वाट चुकतं. घरी येतं.
बस्स.
होडी नाही. टोपी नाही. देवमासा तर नाहीच.

माझ्या बाबांना, आदेरितोला,
लोक अंगठेबहाद्दर म्हणायचे, अक्षरशत्रू म्हणायचे.
शत्रू कसले.
वैर असायला आधी भेट तरी व्हायला हवी.

वाटलं, हे एक ठेवून घ्यावं, सोळाच द्यावीत.
पिशवीत घातलंही.
तेवढ्यात पलीकडच्या बाकावर
एव्हांद्रू नावाचा एक गवंडी, केप व्हर्दचा,
नखांत सिमेंट, मांडीवर मुलगा,
एका मळक्या तक्त्यावरून वाचत होता: घ, र, घर.
पोरगं जांभई देत होतं.
त्या तक्त्यात कुणी कुठेच जात नव्हतं.

मी पुस्तक पिशवीतून काढलं.

फिर्मिना पानं तपासते, हा तिचा नियमच.
नवव्या पानावर तिचा हात थांबला.
शेवटच्या ओळीखाली चिकटलेला
माशाचा एक खवला,
नखाएवढा, वाळून काचेसारखा झालेला.
तिने ओलं फडकं उचललं.
"राहू दे," मी म्हणाले.
माझा आवाज जरा चढलाच असावा,
बाकांवरची डोकी वळली.

फडकं खाली गेलं.
मी 'बरी'वर खूण केली.

जाताना दारातून वळून पाहिलं.
एव्हांद्रूचं बोट नवव्या पानावर पोचलं होतं,
एकेका अक्षराला दार ठोठावल्यासारखं थांबत.
पोराने खवल्यावर टिचकी मारली:
"हा चंद्र ना?"
बापाने ओळ पुन्हा पहिल्यापासून चाचपली.
बाजार होता. मीठ होतं. वाट होती.
चंद्र कुठेच नव्हता.
त्याने एकदा फिर्मिनाकडे पाहिलं, चोरून,
मग पोराकडे.

"हो," म्हणाला,
"आणि गाढवाला तो खाली उतरवायचा होता.
ऐक."